लांबट, अरुंद स्वयंपाकघर: आधी चालायची जागा ठरवा, मग ओटा

तुम्ही प्रश्नात मापं नीट दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. आधी सगळं एकत्र मांडते. पुण्यातला वीस वर्षं जुना फ्लॅट. स्वयंपाकघर साडेतेरा फूट लांब, सव्वासहा फूट रुंद. एका टोकाला हॉलचं दार, त्याच्या बरोबर समोर दुसऱ्या टोकाला ड्राय बाल्कनीचं दार. ओटा एकाच भिंतीला. सिंक बाल्कनीकडच्या कोपऱ्यात, शेगडी मध्यावर, फ्रीज बाहेर हॉलमध्ये. घरात पाच माणसं, आणि सकाळी तुम्ही व सासूबाई दोघी एकाच वेळी ओट्यापाशी. ट्रॉलीवाल्याने दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटांचे ओटे आणि वर सलग कपाटं असं थ्रीडी चित्र दिलंय. घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा हॉलची भिंत पाडून सगळं मोकळं करू. या दोन्हींतलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: दोन्ही नको. का ते सांगते, पण त्याआधी तुमच्याच दोन वाक्यांकडे लक्ष वेधते. एका वाक्यात तुम्ही लिहिलंय, ‘जागा कमी पडते.’ पुढच्याच वाक्यात, ‘दोघी सारख्या एकमेकींना आडव्या येतो.’ खरा प्रश्न दुसऱ्या वाक्यात आहे. साडेतेरा गुणिले सव्वासहा म्हणजे चौऱ्याऐंशी चौरस फूट. पाच माणसांच्या घराला एवढी जागा पुरते. तुमच्याकडे ठेवायला जागा आहे, वळायला नाही. आणि हे स्वयंपाकघर एक रस्ताही आहे. कपडे वाळत घालायला जाणारा, भांडी घासायला येणारी बाई, पाण्याची बाटली घ्यायला येणारी मुलं, सगळे याच पट्ट्यातून जातात. अशा ठिकाणी कपाटं वाढवली की अडचणही वाढते.

हिशेब करून बघा. सव्वासहा फूट म्हणजे ७५ इंच. जुन्या भिंतीवर नवा गिलावा आणि टाइल्स आल्या की दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर तरी जातो. म्हणजे ७४ धरा. ओटा दोन फुटांचा म्हटला तरी पुढची गोलाई धरून २५ इंच होतो. दोन्ही बाजूंना तसे ओटे केले की मध्ये राहतात २४ इंच. ट्रॉली पूर्ण उघडली की वीसेक इंच बाहेर येते, म्हणजे उरले चार. तुम्ही ताट काढायला ट्रॉली ओढलीत की सासूबाई आहेत तिथेच अडकल्या. थ्रीडी चित्रात हे कळत नाही, कारण त्यात एकही ट्रॉली उघडी नसते आणि एकही माणूस उभा नसतो.

मी हे अनुभवातून सांगतेय. बावीस वर्षं स्वयंपाकघरं आखायचं काम करते. सुरुवातीच्या वर्षांत साडेसहा फुटी स्वयंपाकघरात मी स्वतः दोन्ही बाजूंना पूर्ण ओटे काढून दिले होते. घरच्यांनीच मागितले होते, मीही हो म्हणाले. तीन महिन्यांनी त्या काकूंचा फोन आला. मांडीवर निळा डाग घेऊन फिरत होत्या, रोज त्याच हॅन्डलवर आपटून. मी जाऊन बघितलं आणि एक बाजू पूर्ण काढून कमी खोलीची करून दिली, माझ्या खर्चाने. तेव्हापासून कागदावर पहिली रेघ ओट्याची काढत नाही. आधी चालायची पट्टी काढते. एकच माणूस काम करणार असेल तर ३० इंचांत भागतं, पण दोघी असतील आणि मागून कोणी जाणार असेल तर ३४ ते ३६ इंच सलग हवेतच. तुमच्याकडे ७४ मधून ही पट्टी आणि एक पूर्ण ओटा वजा केला की दुसऱ्या भिंतीला १४ इंच मिळतात. या १४ इंचांचं सोनं करता येतं, त्याकडे पुढे येते.

लांबट स्वयंपाकघर मिळालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आज जगभर ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचा एक मोठा पूर्वज असाच अरुंद होता. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली ते आखलं. मापं १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. १.९ मीटर म्हणजे जवळजवळ तुमचेच सव्वासहा फूट, आणि लांबी तर तुमच्यापेक्षा कमी. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी नमुना म्हणून अभ्यासलं होतं आणि बाईला कोणत्या कामासाठी किती पावलं टाकावी लागतात ते मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आमच्या धंद्यात त्यांचं नाव मी आदराने घेते. पण त्या आराखड्यावर पुढे जी टीका झाली तीही तुमच्या कामाची आहे: ते एकट्या बाईसाठी होतं. दुसरं माणूस आत शिरलं की गाडं अडायचं. आपल्याकडे सणावाराला तीन-तीन बायका आत असतात, म्हणून त्यांची शिस्त घ्यायची पण ती दोघींसाठी मांडायची.

आता ओट्याकडे येऊ. पाणी आणि निचरा आहे त्याच भिंतीला पूर्ण ओटा ठेवा. साडेतेरा फूट म्हणजे १६२ इंच. हॉलकडून बाल्कनीकडे मी असा क्रम लावेन: पहिले ३० इंच फ्रीजचे, मागची आणि बाजूची हवा धरून. मग १५ इंच मोकळा ओटा, फ्रीजमधून काढलेलं पातेलं टेकवायला. मग ३० इंच सिंक. मग ३९ इंच सलग, चिरायची आणि तयारीची जागा. मग २८ इंच शेगडी. आणि शेवटी बाल्कनीच्या भिंतीपर्यंत २० इंच, उतरवलेला कुकर आणि कढई ठेवायला. बेरीज बरोबर १६२ येते.

हा क्रम का, तर आपल्या स्वयंपाकाची वाट तशी आहे. भाजी फ्रीजमधून निघते, धुतली जाते, चिरली जाते, फोडणीला पडते. प्रत्येक पायरीला एक पाऊल पुढे, मागे फिरायचं नाही. तुमच्याकडे आज काय होतं ते मी न बघता सांगते. भाजी हॉलमधल्या फ्रीजमधून येते, सगळं स्वयंपाकघर ओलांडून टोकाच्या सिंकला जाते, तिथून परत मध्यावर येऊन शेगडीच्या अलीकडे चिरली जाते. आणि कुकर झाला की सांडशीत धरलेलं गरम भांडं घेऊन एकजण सिंककडे निघते, तेव्हा दुसरी पालेभाजी धुऊन पाणी टपटपत उलट दिशेने येत असते. दोघी मध्यावर भेटतात. रोज. कोथरूडच्या एका घरी मी सकाळी सात ते नऊ फक्त स्टुलावर बसून बघत होते. दोन तासांत त्या सासू-सुनांनी एकमेकींना ‘जरा सरक’, ‘थांबा हां, गरम आहे’ इतक्या वेळा म्हटलं की मला वेगळं काही विचारावं लागलं नाही. सिंक मध्यावर आणल्यावर त्यांचं हे बोलणं जवळजवळ थांबलं.

फ्रीज हॉलच्या दाराशी आत घ्या, असं मी आग्रहाने सांगते. आज तो हॉलमध्ये आहे म्हणून स्वयंपाक करणारीला बाहेर पळावं लागतं. आत अगदी टोकाला नेला असता तर मुलं पाण्यासाठी ओट्यामागून आत शिरली असती. दाराशी असला की घेणारा उंबऱ्यातूनच घेतो. दोन गोष्टी मात्र बघा. फ्रीज ओट्यापेक्षा चार-सहा इंच बाहेर येतोच, त्यामुळे त्याच्या समोरच्या भिंतीला पहिले तीन फूट काहीही करायचं नाही, अगदी उथळ कपाटही नाही. आणि त्याचं दार हॉलकडच्या बाजूला बिजागरी असलेलं हवं, म्हणजे उघडल्यावर आतली बाजू मोकळ्या ओट्याकडे येते. उलटं असलं तर प्रत्येक वेळी दाराला वळसा घालावा लागतो. काही फ्रीजचं दार बदलून बसवता येतं, काहींचं नाही. नवा घेणार असाल तर हे आधी विचारा.

सिंक हलवायचं म्हटलं की प्लंबर म्हणेल, ‘मॅडम, फ्लोअर फोडावं लागेल.’ लागत नाही. वीस वर्षं जुन्या इमारतीत तर फोडूच नका. स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग दुखावलं की खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि मग वर्षभर सोसायटीत तेच. सिंकचं भांडं आठेक इंच खोल असतं, त्याखाली ट्रॅप (वास अडवणारा वळणाचा पाइप), तरी पाइप जमिनीपासून दीड फूट उंचीवर बाहेर पडतो. तिथून दोन इंची पाइप भिंतीला धरून, ट्रॉल्यांच्या मागून, बाल्कनीतल्या निचऱ्यापर्यंत नेता येतो. ४० इंचाला एक इंच ढाळ धरला तर तुमच्या साडेआठ फुटांना अडीच इंच उतार लागतो आणि तो सहज मिळतो. किंमत एवढीच की त्या भागातल्या ट्रॉल्या २० ऐवजी १६ इंचांच्या घ्याव्या लागतील. शिवाय लांब आडव्या पाइपात तेलकट थर बसतो, म्हणून वळणाला काटकोनी एल्बो न घालता ४५ अंशांचे दोन घाला आणि बाल्कनीच्या टोकाला उघडता येईल असं झाकण ठेवा. वर्षातून एकदा तिथून साफ करून घ्या.

इथे मात्र मला न बघता ठाम सांगता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. काही इमारतींत स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या मधल्या भिंतीच्या त्या नेमक्या कोपऱ्यात आरसीसीचा कॉलम असतो. तसा असेल तर पाइपासाठी भोक पाडायचं नाही. मग सिंक टोकालाच ठेवायचं आणि बाकीचा क्रम फिरवायचा: फ्रीज ३०, मोकळी जागा २०, शेगडी २८, चिरायची जागा ४०, सिंक ३० आणि शेवटी भांडी निथळायला १४. चालतं, पण फोडणीचा वास हॉलकडे जास्त जातो आणि चिमणीचा पाइप सातआठ फूट लांब न्यावा लागतो. पाइप जितका लांब आणि वळणं जितकी जास्त, तितकी चिमणी कमी ओढते. पहिल्या मांडणीत शेगडी बाल्कनीजवळ असल्याने सहा इंची पाइप दोन-तीन फुटांत बाहेर पडतो. चिमणीचं पाइपाचं भोक मात्र वर, तुळईच्या खाली येतं, तेही जागेवर बघावं लागेल. पाइप नसलेली, हवा गाळून आतच सोडणारी चिमणी आपल्या फोडणीपुढे टिकत नाही, ती घेऊ नका.

आता त्या दुसऱ्या भिंतीचे १४ इंच. ‘एवढ्याशा खोलीत काय बसणार’ असं सगळे म्हणतात. तुमच्या घरातले डबे मोजा. पाच किलो पिठाचा स्टीलचा डबा नऊ-दहा इंचांपेक्षा रुंद नसतो. डाळी, पोहे, रवा, साखर, चहा, मसाले, लोणच्याच्या बरण्या, ताटं, वाट्या, सगळं बारा-तेरा इंचांत एका रांगेत राहतं. एका रांगेत राहतं हेच महत्त्वाचं. दोन फूट खोल कपाटात मागच्या रांगेत काय आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि दिवाळीच्या साफसफाईत तीन अर्धवट साबुदाण्याच्या पिशव्या सापडतात. आपल्या जुन्या घरांतली भिंतीतली फडताळं आणि ताटाळी असलेली स्टीलची मांडणी उथळच असायची, आणि अंधारातसुद्धा हात बरोबर डब्यावर जायचा.

फ्रीजसमोरचे तीन फूट सोडल्यावर तुमच्याकडे साडेदहा फूट उरतात. त्यातले पहिले साडेतीन फूट मी सासूबाईंसाठी ठेवेन. तुम्ही लिहिलंय, तुमची उंची ५ फूट ५ इंच, त्यांची ४ फूट ११ इंच, आणि पोळ्या त्याच करतात. एकाच उंचीचा ओटा तुम्हा दोघींना सोयीचा होणं शक्य नाही. उभं राहून कोपर वाकवल्यावर जमिनीपासून जी उंची येते, त्याच्या चार ते सहा इंच खाली चिरायचा ओटा असावा. तुमच्यासाठी तो ३४ च्या आसपास येईल, त्यांच्यासाठी ३१ च्या. लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागतो आणि पोळपाटाची उंची वर वाढते, म्हणजे त्यांना आणखी खाली हवं. म्हणून मुख्य ओटा ३३ इंच ठेवा आणि समोरच्या भिंतीला ४२ इंच लांबीचा, २९ इंच उंचीचा कट्टा करा, खाली पूर्ण मोकळा. स्टूल आत सरकवून ठेवता येतं. ज्या दिवशी गुडघे दुखतात त्या दिवशी बसून लाटता येतं, एरवी उभं राहून. फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघरातही बसून काम करायला खिडकीपाशी टेबल आणि फिरतं स्टूल होतं. आपल्याकडे तर बसून स्वयंपाक करणं हीच पूर्वीची रीत होती. आपण ओटे बांधले आणि म्हाताऱ्या माणसांनाही उभं केलं.

हा कट्टा नेमका कुठे येतो ते बघा. त्याच्यासमोर सिंक आहे. शेगडी त्याच्यापासून तीन-चार फूट पुढे. म्हणजे सासूबाई लाटत असताना तुम्ही शेगडीपाशी भाजत असाल तर पाठीला पाठ लागत नाही. त्या हात लांब करून लाटलेली पोळी देतील, तुम्ही वळून घ्याल. दोघी समोरासमोरच्या भिंतींवर पण तिरक्या उभ्या. दोघींचं स्वयंपाकघर आखताना माझा सगळा भर या तिरकेपणावर असतो. समोरासमोर दोन कामाच्या जागा आल्या की पट्टी कितीही रुंद ठेवा, धक्का लागतोच.

उरलेले सात फूट. त्यातले चार फूट कमरेएवढं उथळ कपाट, वर दगड, त्यावर मिक्सर कायमचा. मिक्सर कपाटात ठेवला की चटणी करायचा कंटाळा येतो, हे प्रत्येक घरात बघितलंय. शेवटचे तीन फूट, बाल्कनीच्या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत कपाट. पूर्ण उंचीचं एवढंच. ट्रॉलीवाल्याच्या चित्रात दोन्ही बाजूंना वरची सलग कपाटं आहेत, ती करू नका. तुमच्याकडे उजेड दोन टोकांच्या दारांतूनच येतो. डोक्याच्या उंचीला दोन्हीकडून भिंती पुढे आल्या की आतला माणूस बोगद्यात उभा राहिल्यासारखा होतो. वरची कपाटं फक्त मुख्य ओट्यावर, बारा इंच खोल, आणि समोरची भिंत कट्ट्यावर व मिक्सरवर मोकळी, फिकट रंगाची. त्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावा, पण भिंतीला चिकटवून नको, पुढच्या कडेला. छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर चिरताना तुमचीच सावली विळीवर पडते.

थोडक्यात, मध्ये ३५ इंचांची पट्टी आरपार, एका बाजूला २५ इंचांचा पूर्ण ओटा, दुसऱ्या बाजूला आधी मोकळं, मग खालचा कट्टा, मग उथळ कपाट. एवढं मनात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय सोपे आहेत.

भिंत पाडण्याबद्दल. हॉलकडची भिंत विटांची असेल आणि तिच्यात किंवा कडेला कॉलम नसेल, तर पाडता येते. पण आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून लेखी घ्या आणि सोसायटीची परवानगी काढा. नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीने बांधलेल्या भिंती काँक्रीटच्या असतात, त्यांना हात लावता येत नाही, तुमची इमारत त्या आधीची आहे. माझं मत असं की पाडून तुम्हाला फार काही मिळणार नाही. ही भिंत तुमच्या अरुंद बाजूची, सव्वासहा फुटांची. ती गेली तरी रुंदी एक इंचही वाढत नाही. वाढतो तो फक्त हॉलमधला फोडणीचा खकाणा. त्याऐवजी दाराचं पान काढून सरकतं दार बसवा, किंवा नुसती चौकट ठेवा. दाराचं पान उघडायला जी जागा लागते ती तुम्हाला फ्रीजपाशी हवी आहे.

गॅसबद्दल तुम्ही लिहिलं नाही. सिलिंडर असेल तर तो शेगडीच्या बरोबर खाली बंद ट्रॉलीत नको. शेवटच्या २० इंचांखाली, जाळीच्या दारात उभा ठेवा, खाली आणि वर हवा खेळती. तो बाहेर बाल्कनीत न्यायचा असेल तर रबरी नळी भिंतीतून ओवून न्यायची नाही, धातूचा पाइप टाकून घ्यायचा, तोही एजन्सीच्या माणसाकडून. पाइप गॅस असेल तर त्यांच्या पाइपाला तुमच्या प्लंबरने हात लावायचा नाही. जागा बदलायचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी द्या, कारण त्यांचा माणूस येईपर्यंत ओटा अडून राहतो.

विजेचे पॉइंट टाइल्सच्या आधी ठरतात आणि नेहमी कमी पडतात. ओव्हन, इंडक्शन, पुढेमागे डिशवॉशर, प्रत्येकाला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट. सिंकच्या डोक्यावर प्युरिफायरचा, मिक्सरपाशी दोन. आणि जुन्या वायरिंगच्या घरात बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी कळ, बसवून घ्या. ओल्या हाताने काम होतं त्या खोलीत तिच्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

पैसे कुठे घालावेत आणि कुठे नको, तेही सांगते, कारण दुकानात सगळं लक्ष शटरच्या चकाकीवर जातं. स्वयंपाकघर खराब व्हायला सुरुवात होते सिंकच्या खाली. नळाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपतं, प्लाय फुगतो, मग शटर लोंबतं, मग झुरळं. म्हणून सिंकखालचा गाळा मी प्लायचा करतच नाही. कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे उभे पाट, आत टाइल्स, पुढे फक्त शटर. पुण्यातल्या जुन्या ट्रॉली किचनमध्ये सगळेच पाट दगडाचे असायचे आणि त्यातली कित्येक अजून ठणठणीत आहेत. बाकी ठिकाणी प्लाय वापरलात तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेला घ्या आणि शिक्का स्वतः बघा, पान कापायच्या आधी. ओट्यावर ग्रॅनाइट. क्वार्ट्झ दिसायला छान असतं, पण त्यात राळ असते आणि गरम कढई थेट टेकवली की डाग पडू शकतो, आणि आपल्याकडे कधीतरी ती टेकवली जातेच. संगमरवर तर नकोच, लिंबू आणि हळद दोन्ही त्याचे वैरी.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. येत्या रविवारी फ्रीज हॉलमधून आत त्या जागी ढकला. समोरच्या भिंतीपासून १४ इंचांवर जमिनीवर खडूने रेघ मारा आणि रेघेवर पुठ्ठ्याचे खोके एकावर एक रचा, कमरेएवढे. कट्ट्याच्या जागी एखादं टेबल लावा. आणि मग दोघींनी मिळून पूर्ण स्वयंपाक करा, वरणभातापासून पोळ्यांपर्यंत, मुलांना मुद्दाम पाणी प्यायला पाठवा, बाईंना बाल्कनीत भांडी नेऊ द्या. कुठे धक्का लागतो तिथे खडूने फुली मारा. मी प्रत्येक कामाआधी हे करायला लावते आणि दर वेळी एक तरी माप बदलतं. कधी कट्टा सहा इंच सरकतो, कधी फ्रीजचं दार उलटं निघतं. कागदावर मी ३९ इंच लिहिलेत, तुमच्या दोघींच्या हातांना कदाचित ४२ हवे असतील. मग शेवटचे २० कमी करा. चालायच्या पट्टीला मात्र हात लावू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय, सासूबाईंना देव्हारा स्वयंपाकघरातच हवा, तो कुठे. फ्रीजसमोरची जी तीन फूट भिंत मी मोकळी सोडायला सांगितली, तिथे. जमिनीवर काही नाही, पण सासूबाईंच्या छातीच्या उंचीला भिंतीत रोवलेली नऊ-दहा इंचांची दगडी फळी, त्यावर देव्हारा, खाली उदबत्तीच्या साहित्याचा एक छोटा खण. सिंकचं पाणी तिथे उडत नाही, शेगडीचं तेल पोहोचत नाही, आणि हॉलमधूनही दर्शन होतं. फ्रीज आणि फळीच्या मध्ये ३३ इंच राहतात, म्हणजे पूजा चालू असताना मागून पाण्याची बाटली काढता येते. दिशेबद्दल त्यांचं काही ठाम मत असेल तर ते ओटा फोडण्याआधीच विचारून घ्या.